फिल्टरचं तेल

इंदापूरच्या गॅरेजात माझी गाडी दुरुस्त व्हायची होती. बाकावर शेजारी बावड्याचे एक तात्या बसलेले. मिस्त्री त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडून उभा.

“तात्या, ह्यो हवेचा फिल्टर कंपनीचा न्हाय. कुणी बसवला?”

“पोरानं. क्यानडाला जायच्या आदी. म्हणला, ह्याला तेल देत जावा.”

“मग कवा देता?”

“दर ऐतवारी. त्याच्या फोनची वाट बघता बघता.”

“आवो, वर्षातनं एकदा द्यायचं, तेबी थोडंसं. जादा तेल उडून हवा मोजायच्या सेन्सरवर बसलंय. म्हणून गाडी ओढंना.”

“मग सेन्सर पुसा.”

“पुसतो. पर फिल्टर कंपनीचाच टाकू का? ह्या फिल्टरनं वाढलेला गाडीचा आवाजबी कमी हुईल.”

“नको. वळणावर त्यो आवाज आला, की पोराची आई अजून दारात येती.”