उभ्या एसटीतला भूकंप

भीतीला तर्क नसतो, असे म्हणणाऱ्यांनी आमच्या शेजारच्या कांबळेकाकांसोबत एकदा प्रवास करावा. लातूरच्या त्या मोठ्या भूकंपानंतर हलणाऱ्या कोणत्याही वस्तूवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. पण लेकीची लातुरात क्लासची प्रवेशपरीक्षा होती, म्हणून निलंग्याला ते आमच्यासोबत एसटीत चढले. इंजिन सुरू झाले, खिडक्या थरथरल्या आणि काका ओरडले, "भूकंप! उतरा!"

क्षणात गाडी रिकामी झाली. सर्वांत आधी चालक उतरला होता.

"बाबा, गाडी हाय ती, हालनारच! माझा पेपर चुकंल," लेक रडकुंडीला आली. काका काही चढेनात.

शेवटी चालकच ओशाळून म्हणाला, "काका, तुमी म्होरं माज्याजवळ बसा. तुमी वरडल्याबिगर म्या उतरत न्हाई."

जबाबदारी मिळताच काकांची भीती पळाली. उरलेले आम्ही सगळे मात्र लातूरपर्यंत त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलो.