पाठ टेकायची जागा

(बेंबळीच्या शिवारात लिंबाखाली विसावलेली मेंढरं, आणि बंगळुरूच्या हॉटेलातली एक खोली. दोन्हीकडं दुपार. मधे व्हिडिओ कॉल.)

करिश्मा — मग मेंढरं रिंगखाली येऊन बसली, आप्पा. सगळी. रेफरी शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय, पण एक उठेल तर शपथ.

धनाजी — दुपारचं खरं उठत न्हाईत, सपनात कशाला उठत्यात?

करिश्मा — मग मी पण त्यांच्यात बसले. सगळा हॉल गप्प. एवढं बरं वाटलं ना!

अयोध्या — सांजच्याला हिची बास्केटबॉलची सेमीफायनल, आन ही सपनं सांगत बसली. जेवलीस का?

करिश्मा — जेवले. मॅचच्या दिवशी दुपारी झोपायचंच असतं, आई. फोन जरा खाली धर की, नुसतं आभाळ दिसतंय.

अयोध्या — हं. दिसली? वीरभद्र पाटलाच्या रानात मुक्काम हाय. रातीला तितंच बसत्यात. त्यांच्या रानाला खत, आमाला ज्वारी.

करिश्मा — दिसली. कशी एकमेकींच्या पोटाशी डोकी खुपसून बसली आहेत... आप्पा, मी सरांना सांगणार आहे, आज मला सुरुवातीला उतरणाऱ्या पहिल्या पाचात घेऊ नका.

अयोध्या — का गं? पाय दुखतोय?

करिश्मा — परवाची मॅच बघितली ना तुम्ही?

धनाजी — बघितली की, शेजारच्या गोरोबाच्या मोबाईलवर. दोनदा उताणी पडलीस. गोरोबा म्हणला, त्या लंबीनं ढकललं. म्या म्हणलं, न्हाय. ढकलली असती तर पुढं पडली असती.

करिश्मा — ढकललं नाही. आवा बाजूला सरकली फक्त.

अयोध्या — कोण आवा?

करिश्मा — समोरच्या टीमची सेंटर, माझ्याच जागेवर खेळणारी. सेनेगलची आहे. माझ्यापेक्षा अर्धं डोकं उंच.

अयोध्या — तुझ्यापरीस? अगं बया! तिच्या आईनं काय करावं?

करिश्मा — ऐक ना. माझी जागा रिंगजवळ. पोस्ट म्हणतात तिला. रिंगकडं पाठ करून बॉल घ्यायचा, आणि मागं जी उभी असेल तिला पाठीनं रेटत रेटत आत जायचं. लांबून नेम मारणाऱ्या पोरी आमच्यात खंडीभर आहेत. पण प्लेऑफला, म्हणजे या शेवटच्या बाद फेरीला, त्यांना कोण मोकळं सोडतंय? मग सगळा डाव रिंगखाली येतो. सेमीफायनल तीन मॅचची. पहिली आम्ही तिथंच जिंकलो, दुसरी तिथंच हरलो. आज जिंकेल ती टीम फायनलला.

अयोध्या — मंग रेट की! बारीक आसताना एडक्याला रेटत व्हतीस.

करिश्मा — रेटता येतं गं. पण मी रेटत नाही. मी टेकते.

अयोध्या — म्हंजी?

करिश्मा — हसू नका हं. सहा महिने झाले मला इथं. खोलीत एकटी. बसमधी सगळ्या कानात वायरी घालून. टाळी देण्यापुरता काय तो माणसाचा हात लागतो. आणि मॅचमधी ती मागून येते, सगळं अंग लावून उभी राहते. गरम, घामाघूम, श्वास माझ्या मानेवर. मला राग यायला पाहिजे. मला घरी आल्यासारखं वाटतं, आप्पा. डोळे जड होतात, लहानपणी मेंढीला टेकून झोपायचे तसे. मी सैल पडते. तिला ते कळतं. ती सरकते, आणि मी पडते. माझ्यापायी बाकीच्या पोरी हरल्या.

अयोध्या — अवो, ऐकलं का पोरीचं?

धनाजी — ऐकलं की. एवढ्या पोरींत खेळती, आन एकली पडली तितं.

अयोध्या — तर मंग ये घरी. आत्ता गाडीत बस. खेळ गेला खड्ड्यात!

करिश्मा — मला खेळायचंय गं. लई खेळायचंय. म्हणून तर रडू येतंय.

धनाजी — रडू नको. सर काय म्हणत्यात?

करिश्मा — टेकू नको म्हणतात. मला जमत नाही.

धनाजी — जमायचं न्हाय. आपल्यात कुणाला जमतंय? म्या काठीला टेकतो. तुझी आई भांडतीबी टेकून.

अयोध्या — कवा वो?

धनाजी — आण फोन इकडं. हे बघ, पोरी.

करिश्मा — टेकलीय की गं आई! चांगली मेंढीला रेलून बसलीय.

अयोध्या — मंग? टेकले तर टेकले. बूड माझं भुईवर हाय. मेंढी उठून गेली तर म्या काय पडत न्हाय.

करिश्मा — ...आई, परत म्हण.

अयोध्या — काय परत म्हणू? टेक की बाई. ऊब घे. कोण न्हाय म्हणतंय? पर भार आपल्या बुडावर ठिव.

करिश्मा — गुडघे वाकवून, खाली बसल्यासारखं... मग ती सरकली तरी मी उभीच.

धनाजी — आन तिच्याकडं बॉल आसला, की ती टेकती का तुला?

करिश्मा — टेकते. कधीकधी तीपण सैल पडते. श्वास लांबतो तिचा.

धनाजी — मंग तवा तू सरक.

करिश्मा — तेच होत नाही माझ्यानं. परवा चांगली संधी होती. पण एवढ्या विश्वासानं टेकलेल्या बाईला पाडायचं कसं?

धनाजी — तुला तिनं पाडलंच की.

करिश्मा — तिला काय माहीत, मला काय वाटतं ते?

अयोध्या — माहीत आसंल. माहीत आसूनबी सरकली आसंल. तीबी आईबापाला सोडून खेळायलाच आलीय तितं.

धनाजी — पोरी? दिसंना झालीस.

करिश्मा — आहे. बूट घालतेय. बस लागली खाली.

धनाजी — आन सरांना काय सांगणार?

करिश्मा — काही नाही. उतरते पहिल्या पाचात. आप्पा, आज सरकेन मी. पण ती पडली तर?

धनाजी — पडंलच.

करिश्मा — मग?

अयोध्या — मंग आधी तिच्या हातनं सुटलेला बॉल घे आन टाक रिंगीत. शिट्टी झाली की हात दे तिला. आन लगीच सोडू नको.