मोकळ्या मनाची खोली

क्लारा : आधी जेव. मग रड.

पेट्रिशिया : नाय जात घास, आय. आज कंपनीत नंदाच्या स्टुलावर दुसरी पोरगी बसवली, औषधाच्या गोळ्यांच्या बाटल्या भरायला.

क्लारा : नंदा आजारी असेल.

पेट्रिशिया : काढली तिला. लगीन लपवलं म्हणून. लगीन झालं की पोरीनं नोकरी सोडायची, हा कंपनीचा कायदा तुला ठाऊक आहे. दिवाळीनंतर गावाला गेली ती लगीन करूनच आली. मंगळसूत्र पिशवीच्या अस्तरात शिवलं होतं. मला एकटीला सांगितलं होतं तिनं.

क्लारा : आणि तू कोणाला सांगितलंस?

पेट्रिशिया : श्यामकांत साहेबाला.

क्लारा : जीभ आहे की पायपुसणं?

पेट्रिशिया : त्यानं नवी खोली केलीय ना, मोकळ्या मनाची. एकेकीला बोलावतो, दार लावतो, नुसता ऐकतो. रागावत नाय. मला वाटलं, कन्फेशनसारखंच असेल. आतलं आत राहील.

क्लारा : फादरच्या हातात तुमचं मस्टर असतं का गं?

पेट्रिशिया : मी चुगली नाय केली. माझंच पाप सांगत होते. म्हटलं, मला नंदाचा हेवा वाटतो. मी नोकरीपायी थांबलेय, तिनं दोन्ही मिळवलं.

क्लारा : आपलं पाप सांगताना दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाय, हे लहानपणीच शिकवलं होतं तुला.

पेट्रिशिया : साहेब तसा वाईट नाय. अमेरिकेत शिकलाय. तिकडचं शास्त्रच आहे म्हणे, कामगाराचं मन ऐकून घेतलं की त्याचा हात जलद चालतो. आणि चालतोय की. खोली झाल्यापासून बाटल्या जास्त निघतात.

क्लारा : कशानं निघतात?

पेट्रिशिया : मन हलकं होतं म्हणून.

क्लारा : मी मागे येऊन उभी राहिले की तुझ्या भाकऱ्या भराभर होतात. तेव्हा तुझं मन हलकं असतं?

पेट्रिशिया : नाय. तुझी भीती वाटते.

क्लारा : मग? हात दोन्हीनं चालतो. यातलं कुठलं, ते साहेबानं कसं ओळखलं?

पेट्रिशिया : विचारलं ना त्यानं. सगळ्या म्हणाल्या, बरं वाटतं.

क्लारा : दार लावून साहेबानं विचारल्यावर दुसरं काय म्हणतील? आता नंदाला विचारायला सांग, कसं वाटतं.

पेट्रिशिया : असं बोलू नको, आय. उद्या परत माझी पाळी आहे.

क्लारा : ताप आला म्हणून कळव.

पेट्रिशिया : मग म्हणतील, ही का घाबरली. आत जाऊन गप्प बसले तर म्हणतील, काहीतरी लपवते. आणि मी कॉस्मसचंही नाव घेतलंय की काय, आठवत नाय मला. इतकं बोलले मी.

क्लारा : कॉस्मसचं काय?

पेट्रिशिया : ईस्टरनंतर लगीन करायचं म्हणतोय. नोकरी राहावी म्हणून गुपचूप.

क्लारा : हे साहेबाला ठाऊक, नि मला नाय.

पेट्रिशिया : तू कधी ऐकून घेतेस?

(दाराची कडी वाजते.)

पेट्रिशिया : आय, उघडू नको. कंपनीतलं कोणी असेल.

क्लारा : माझ्या घराचं दार आहे. कोण गं? नंदा? ये.

नंदा : पॅट, उठू नको गो, जेव तू. ताटावर रडतस माझ्यासाठी? बघा मावशी, अशी मैत्रीण माका खंय गावतली?

क्लारा : बस. पाणी घे.

नंदा : माझ्या स्टुलावर बसवलेल्या त्या मीरानंच माझी पिशवी चाचपून सांगितल्यान असतला. तिका माझी जागा व्हयी होती. उद्या गेटवर सगळ्यांसमोर तिका धरतंय मी. पण पॅट, साहेब तुझा ऐकता. उद्या तुझी पाळी ना? माझ्यासाठी एक शब्द टाक गो.

क्लारा : पेट्रिशिया.

पेट्रिशिया : तूच सांग ना तिला, आय.

क्लारा : तोंड तुझं आहे. बोल तू. मी ऐकते.

पेट्रिशिया : नंदा, मीरा नव्हती गं.