डिग्रीवरचा लाल शिक्का

अरे, तुम्ही व्हिसाचं काय घेऊन बसलात! फार्मासिस्टच्या लायसन्ससाठी मला जर्मनीत, ब्राउनश्वाइगला, आधी इंटर्न म्हणून नाव नोंदवायचं होतं. ऑफिसातल्या बाईंनी माझी डिग्री परत सरकवली.

"लॅमिनेट केलेली चालत नाही."

आणि ती बाबांनी किती कौतुकाने करून आणलेली! बिचाऱ्यांनी विद्यापीठात खेटे घालून दुसरी प्रत मिळवली. मी बजावलं, "बाबा, प्लास्टिक अजिबात नको." मुदतीच्या शेवटच्या दिवशी कुरिअर आलं. मी धावत ऑफिस गाठलं.

बाईंनी कागद उजेडात धरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा लाल शिक्का कोणाचा?"

आईने देवापुढे ठेवून कुंकू लावलं होतं! मी खरं ते सांगून टाकलं.

बाईंनी गंभीरपणे ऐकून घेतलं. "आल्झो... तर मग, याचं अधिकृत भाषांतर जोडलंय का?"