गुळाची ढेप, नग एक

(१९४७चा कार्तिक. सातारा जिल्ह्याची हद्द संपते तिथला एका संस्थानाचा जकात नाका, सांगलीच्या वाटेवर. आडव्या बांबूपुढं गोणपाटानं झाकलेली एक बैलगाडी उभी आहे. गाडीपाशी बनुबाई आणि तिचा दीर लालासाहेब, पलटणीतून परतलेला हवालदार; नाक्यावर नाकेदार आप्पासो.)

लालासाहेब : ...आनि म्हनून तेवीस राष्ट्रांनी जिनिव्हात बसून यापाराच्या करारावर सह्या ठोकल्यात! हितनं फुडं या पृथ्वीवर मालाची अडवाअडवी बंद! समिंदर मोकळा, रस्ता मोकळा, यापार मोकळा! इतिहास बदलला, नाकेदार!

आप्पासो : बदलला असेल. तुमचा डावा बैल आमचं छप्पर खातोय, तेवढा मागं घ्या.

लालासाहेब : हो, हो रं! माग सर! ...ह्यो बघा पेपर. मधल्या पानावर छापलंय.

आप्पासो : हवालदार, त्या तेवीस जणांत आमचं संस्थान आहे का?

लालासाहेब : हिंदुस्थान हाय की.

आप्पासो : हिंदुस्थान ओढ्याच्या पलीकडं. अलीकडं आमचे महाराज.

लालासाहेब : आवं, तुमचं महाराज सामील झालं की हिंदुस्थानात! सामीलनाम्यावर सही केली त्यांनी.

आप्पासो : केली. संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण, या तीन बाबींपुरती. गूळ त्यात नाही.

लालासाहेब : आसं कसं? मी इटलीत दोन हिवाळं काढलं. नद्या वलांडल्या, डोंगर वलांडलं, हद्दी वलांडल्या. एका जागी कुनी आना मागितला न्हाई!

आप्पासो : हातात काय होतं?

लालासाहेब : रायफल.

आप्पासो : आज गूळ आहे. आणा काढा.

बनुबाई : भावजी, तुमचं जिनिव्हा घडी घालून ठिवा बगू. दादा, जकात घ्या आन सोडा आमाला. उन्हं चढली की गूळ पाघळतोय.

आप्पासो : कोण? बनुबाई ना तुम्ही? गुऱ्हाळवाल्या? गेल्या साली याच बांबूपाशी उभ्या राहून रडत होतात.

बनुबाई : रडत न्हवते. मोजत हुते.

आप्पासो : असो. किती ढेपा?

बनुबाई : एक.

आप्पासो : किती?

बनुबाई : एक.

आप्पासो : बाई, बैलांची जीभ बाहेर आलीय, चाकं वीतभर रुतलीत, आणि गाडीत एक ढेप? उचला ते गोणपाट.

लालासाहेब : वैनी, उचलू?

बनुबाई : उचला की. लपवायचं काय त्यात.

आप्पासो : ...अरे देवा.

लालासाहेब : लांबी सात फूट, रुंदी साडेतीन. उंची आठ इंच. अदमास पंधरा मन. मी सोता टेप लावलीया.

आप्पासो : हे काय आहे?

बनुबाई : ढेप.

आप्पासो : ढेप? हा देवळाचा चौथरा आहे!

बनुबाई : गाडीतच वतलीया. साट्यात वलं गोणपाट आंथरलं आन आठ घरांच्या उसाचा रस आटवला. अकरा कायली. एक निवायच्या आत तिच्यावर दुसरी. आमचा गुळव्या तात्याबा दोन दिस खाली बसला न्हाई. कुटं सांदा दिसतोय का बघा. बोट फिरवून बघा.

आप्पासो : पण कशासाठी? माणसं ढेपा करतात त्या दोन हातांत मावतात अशा!

बनुबाई : गेल्या साली मीबी तशाच केल्या हुत्या. अठरा. खडीच्या रस्त्यानं गाडी आदळली, निम्म्याअर्ध्या फुटल्या. तुमी काय केलं?

आप्पासो : नियमाप्रमाणं मोजल्या.

बनुबाई : तुकडं मोजलं. तरेपन्न. फुडं तीन नाकी, तिथंबी तरेपन्न. सांगलीच्या बाजारात पोचले तवा गूळ माझा ऱ्हायलाच न्हवता, चार नाक्यांचा झाल्ता. म्हनून गावानं आवंदा बैठक घेतली. ही खेप सरळ सांगलीला गेली तर गुऱ्हाळ चालू. न्हाई तर चुलाण विझवायचं आन आठ घरांचा ऊस बैलास्नी घालायचा. माझ्या सासऱ्यानं पेटवलेलं चुलाण हाय ते. ह्ये येवढं हाय बगा या गाडीत.

आप्पासो : मला वाईट वाटतं, बाई. पण ही ढेप नव्हे. ढेप म्हणजे किती मोठी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

बनुबाई : भावजी, भितीवरचं दरपत्रक वाचा.

लालासाहेब : येस! ‘गूळ, दर ढेपेस एक आणा. काकवी, दर घागरीस अर्धा आणा. हळद, दर पोत्यास दोन आणे.’ बास. वजन न्हाई. माप न्हाई. नाकेदार, आमच्या पलटनीत बिस्कुटाच्या डब्यावरसुदीक किती औंस त्ये लिवलेलं असायचं. हिंदुस्थानचा शिपाई आसो नायतर न्यूझीलंडचा, बिस्कुट एकच. दात सगळ्यांचे सारखेच पडायचे.

आप्पासो : ज्ञात गोष्ट लिहीत नाहीत. ही ढेप नव्हे, म्हणजे नव्हे.

बनुबाई : बरं. मग काय हाय?

आप्पासो : हे... हा गुळाचा... ढिगारा आहे.

बनुबाई : ढिगाऱ्याला दर किती?

लालासाहेब : पत्रकात ढिगारा न्हाई, वैनी.

बनुबाई : मग पत्रकात न्हाई त्येला जकातबी न्हाई. उचला बांबू.

आप्पासो : थांबा! ...ढेप आहे.

बनुबाई : लिवा.

आप्पासो : लिहितो. पण आधी वजन होईल.

लालासाहेब : करा की. काटा कितीचा?

आप्पासो : एक मणाचा.

लालासाहेब : आन ढेप पंधरा मनाची.

आप्पासो : मग फोडावी लागेल. पंधरा तुकडे, पंधरा आणे. झालं तुमचं इतिहास बदलणं?

लालासाहेब : वैनी... ह्ये पेपरात न्हाई.

बनुबाई : पेपरात नसू दे. नाकेदार, त्यो तुमच्या खुर्चीमागं चौकटीत टांगलेला कागद कशाचा हाय?

आप्पासो : तो सात संस्थानांचा जकात करार आहे. सात महाराजांच्या सह्या आहेत त्यावर.

बनुबाई : कलम चवथं : ‘माल नाक्यावर ज्या स्थितीत येईल त्याच स्थितीत मोजावा, त्यात नाकेदाराने आपल्या हाताने फेरफार करू नये.’

लालासाहेब : वैनी! तुमी वाचायला कवा शिकला?

बनुबाई : कुठलं वाचायला! गेल्या साली मी म्हनलं, दादा, ह्ये तुकडं जोडून मोजा, घरनं निगालो तवा अठराच हुत्या. तर ह्यांनी ह्येच कलम वाचून दावलं. तीनदा. मोट्यानं. अडाण्याला कमी ऐकू येतंय असं वाटलं असंल. मी वरीसभर कायलीपाशी बसून त्येच म्हनत हुते, ओव्या सोडून.

आप्पासो : कलम... बरोबर आहे. एक शब्द चुकलेला नाही.

बनुबाई : आता सांगा. फुटल्याली आली तवा फुटल्याली मोजली. अखंड आलीया, तर?

आप्पासो : बाई, पण पंधरा मण—

बनुबाई : ज्या स्थितीत येईल त्या स्थितीत.

आप्पासो : कोणाच्याही अकलेला—

बनुबाई : आपल्या हाताने फेरफार करू नये.

लालासाहेब : ह्येला म्हनत्यात कायदा! जिनिव्हात बनुवैनी अस्त्या तर सा महिनं बसायला लागलं नसतं. एका दुपारात उरकलं असतं!

आप्पासो : ठीक आहे. मी कचेरीला लिहितो. कारभाऱ्यांचा हुकूम आठ दिवसांत येईल. तोवर गाडी थांबेल.

लालासाहेब : थांबंल की. खरं जरा मागं बगा, नाकेदार. कोंडीबाची हळद, त्येच्या मागं अर्जुनाच्या मिरच्या, त्येच्या मागं मेंढरं. ओढ्याच्या पार वळणापत्तोर गाड्या तुंबल्यात. आठ दिवस सगळी हितंच जेवायची. तुमच्याच छपराखाली. जे उरलंय त्येच्या.

आप्पासो : ही माणसं हसतायत कशाला?

लालासाहेब : कलम चवथं म्हनत्यात. ऐका. सगळ्यांचं पाठ झालं.

आप्पासो : बनुबाई, एका आण्याची पावती घेऊन तुम्हाला काय मिळणार? पुढचे तीन नाके आहेतच.

बनुबाई : हायत की. पर कलम सातवं.

आप्पासो : सातवं मी वाचलं नव्हतं!

बनुबाई : तुमी न्हाई. म्होरल्या नाक्यावरच्या दादासोनं वाचलं. मी म्हनलं, हितं तरी नीट मोजा. तर म्हनला, ‘पहिल्या नाक्याने केलेली गणती पुढील सर्व नाक्यांस बंधनकारक राहील.’ तुमी एक लिवलं की सांगलीपत्तोर एक. कुनाची छाती न्हाई दोन म्हनायची.

लालासाहेब : फोर्मेशन बघा! पैली चौकी पडली की बाकीच्या तीन आपोआप पडत्यात!

आप्पासो : हवालदार, तुम्ही गप्प बसा. ...दौत कुठं ठेवली मी?

बनुबाई : तुमच्या हातात हाय.

आप्पासो : लिहितो. ‘कार्तिक वद्य... मालधनी बनुबाई... माल, गूळ... ढेप... नग...’

बनुबाई : मोट्यानं म्हना. मागच्या गाड्यांस्नी ऐकू जाऊ दे.

आप्पासो : ‘...नग एक.’

लालासाहेब : एक! एक रं, कोंडीबा! एक म्हनला!

आप्पासो : शेरा लिहितो : ‘ढेप असाधारण मोठी.’

बनुबाई : रकाना हाय का तसा?

आप्पासो : ...नाही.

बनुबाई : मग नका लिवू. शिक्का मारा. आनी एकदा, पुसट उठलाय. ह्यो घ्या आना. खणखणीत हाय, वाजवून घ्या.

लालासाहेब : बांबू वर! वैनी, आयका, सगळा वढा शिट्ट्या मारतोय. इटलीत गाव जिंकलं तरी येवढा दंगा न्हवता झाला! तेवीस राष्ट्रांच्या नावानं—

बनुबाई : भावजी, तेवीस ऱ्हाऊ द्या. आठ घरांच्या नावानं बोला.

लालासाहेब : आठ घरांच्या नावानं! चांगभलं!

आप्पासो : ए, कोंडीबा! तू पोती का उसवतोयस रे?

लालासाहेब : त्यो म्हनतोय, घरी माघारी जातो आन समद्या हळदीला एकच पोतं शिवतो. घरायेवढं.

आप्पासो : असं चालणार नाही! ही एकट्या बनुबाईंची गोष्ट होती!

लालासाहेब : चालंल की. एकाला जी सवलत दिली ती सगळ्यांस्नी द्याला लागती. ह्ये मातुर खरंच पेपरात हाय, नाकेदार. सही करून छापलंय.

बनुबाई : चला भावजी, हाना बैलं. सांगलीच्या बाजारात उद्या सकाळी पैला लिलाव आपला. चुलाण विझवायला बसल्यात त्यास्नी सांगावा धाडा, म्हनावं लाकडं घाला.

आप्पासो : बनुबाई... जरा थांबता?

बनुबाई : आता कुठलं कलम ऱ्हायलं?

आप्पासो : कलम नाही. तसं खाजगीतलं आहे. महिन्याचं पत्रक वर जातं माझं. गेल्या कार्तिकात या नाक्यावरनं गूळ लिहिला, चारशे बारा ढेपा.

बनुबाई : मग?

आप्पासो : या कार्तिकात आजवर... एक.

बनुबाई : व्हय. आमचीच.

आप्पासो : कारभारी काय म्हणतील? पुढल्या खेपेला तेवढ्या दोन कराल का? एक लय वाईट दिसतंय.