बाविशीतलं गिऱ्हाईक

फ्रान्समधल्या साँ-एतियेन शहरात, तंबाखूच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे साठीचे एक गृहस्थ होते.

“मादाम, ते संगीत-कार्ड द्या. अर्धे पैसे सरकार भरतं ते.”

“ते पंचविशीपर्यंतच्या पोरांना आहे, मस्यू पेरॉल. आरशात बघून आलात ना?”

“मुलासाठी हवंय, ल्युसियाँसाठी. वय बावीस.”

“गेल्या वर्षीही बावीसच सांगितलंत.”

“आताही तेवढाच आहे. पुढल्या वर्षीही असेल.”

“...अरे देवा. मग कार्ड वापरतं कोण?”

“मी. त्याचं एकच गाणं आहे इंटरनेटवर. वर्षभर कुणी विकत घेतलं नाही, तर कंपनी काढून टाकते.”

“बावीसच लिहिते. घ्या.”

ते कार्ड खिशात ठेवत दाराकडे वळले. माझा नंबर आला.

“तुला काय रे?”

“काडेपेटी.”

“तुझं वय बसतंय. कार्ड नको?”

“गाणी विकत कोण घेतं, मादाम?”