कमानीचे घड

मंजुळाबाई: मग या केळीच्या खांबांचं काय करू, नाना? म्हशीपुढे टाकू?

नाना: खोडं टाक. घड राहू दे, भाजी होईल.

मंजुळाबाई: बोटाएवढ्या केळ्यांची? सुलक्षणा, शाळेच्या कमानीला तुला हेच सापडले? भरायला अजून दोन महिने होते यांना. घड उतरवलेली कितीतरी खोडं मळ्यात उभी आहेत.

सुलक्षणा: सर म्हणाले, आमदार येणार, खांब घडासकट पाहिजेत. तयार घड व्यापाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेत. मग हे कापले.

नाना: अन् त्या आमदाराची नजर बठ्ठं, सगळं सोडून तिथंच गेली.

मंजुळाबाई: मी मळ्यात पाण्यावर होते. मला कोणी नीट सांगेल का?

सुलक्षणा: त्यांनी माइक हातात घेतला आणि पहिलंच विचारलं, माझ्यासाठी कच्चे घड कोणी कापले? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी राहिले उभी.

नाना: घाबरली नाही हो. मी मागेच बसलो होतो.

सुलक्षणा: कितवीला, म्हणाले. म्हटलं, अकरावीला, पण सोमवारपासून केळी भरायच्या शेडवर कामाला जाणार. आमचा प्रेमराजदादा बी.ए. झाला, तोही तिथेच फण्या धुतो. मग शिकून काय करू?

मंजुळाबाई: आमदाराला असं बोललीस?

नाना: बोलली. सर लोकांची तोंडं बघायची होतीस.

मंजुळाबाई: रागावला असेल.

सुलक्षणा: नाही. म्हणाले, नोकरीचं वचन मी देत नाही, ते खोटं होईल. पण मी नववीतून शाळा सोडली. आज टेबलावर इंग्रजी कागद येतो, तो दुसरा वाचून दाखवतो. मी कागदाकडे बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघतो. खरं वाचतोय की नाही.

(नाना टोपी काढून मांडीवर ठेवतात.)

नाना: उभा जन्म मी तेच केलं, सूनबाई. या पोरीने तिसरीत असताना माझ्या हाती पाटी दिली, तेव्हा सुटलो.

सुलक्षणा: आणि शेवटी म्हणाले, पोरी, ते दोन घड मी परत झाडाला लावू शकत नाही. तू अजून झाडावर आहेस.

मंजुळाबाई: बरं बोलला.

सुलक्षणा: माझ्या वर्गातली ज्योत्स्नाही शाळा सोडणार होती. घरी येताना म्हणाली, सोमवारी माझ्यासाठी बसमध्ये जागा धर.

नाना: अन् मी महिनाभर घसा कोरडा केला, ते वाया.

सुलक्षणा: तुम्ही नुसतं शीक शीक म्हणायचे, नाना.

नाना: घ्या. आता माझंच चुकलं.

मंजुळाबाई: त्याला तुम्ही कधी मत दिलं नाही ना?

नाना: पुढेही देणार नाही. त्याचा पक्ष माझा नाही. पण तो मंचावरून खाली उतरला तेव्हा मी हात जोडले. चारचौघांत असं सांगायला छाती लागते. त्याचा उपकार शे आपल्यावर.

मंजुळाबाई: ते खरं. पण शेडवाल्या रोहिदासभाऊंना मी शब्द दिलाय, सोमवारी पोर पाठवते म्हणून. आत्ता येतील विचारायला. काय सांगू?

सुलक्षणा: सांग, घड भरायचाय अजून.